लेक चीनला गेली तेव्हा

तिला सायकल मी शिकवली, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं आठवताना ते माझ्या डोक्यात सारखं ठणकत असतं. ती म्हणजे माझी मैत्रीण. आम्ही दोघी साउथहॅम्प्टनला, दोघींचे नवरे एकाच हॉस्पिटलात डॉक्टर. मी पुण्याची, शाळेपासून सायकलवर. ती मुंबईची, पस्तिशी आली तरी हिला सायकल येईना. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. गावाच्या मधोमध कॉमन म्हणून मोठं मोकळं रान आहे, तिथे मी तिच्या सीटला मागून धरून महिनाभर धावले. ती दोनदा झुडपात पडली, एकदा एका म्हाताऱ्या इंग्रजाच्या कुत्र्यावर. शेवटी आली एकदाची सायकल. तेव्हा बाईसाहेब माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या होत्या, "तुझे उपकार मी जन्मात विसरणार नाही."

बरं. त्यानंतर तीनचार वर्षांनी एका शनिवारी, आमच्याकडे सगळे जेवायला जमलेले असताना, तिने जाहीर केलं, "आम्ही यंदा इंडियाला नाही जात. चीनला जातोय."

आमच्यातल्या कोणाही घराची सुट्टी इंडियाशिवाय दुसरीकडे खर्च होत नसे. 'हॉलिडे' हा शब्द आम्ही शेजारच्या इंग्रजांशी बोलताना वापरायचो. आपापसात ते 'घरी जाणं' होतं. बॅगा भरायच्या, सगळ्या नातेवाइकांना चॉकलेटं नि स्वेटर वाटायचे, पाच आठवडे या घरून त्या घरी जेवत फिरायचं आणि दमून परत यायचं.

"चीनला?" मी म्हटलं. "तिथे कोण आहे तुमचं?"

"कोणीच नाही. म्हणून तर!"

आणि हसली. मला ते हसू तेव्हाच खुपलं. बेत असा होता की दक्षिण चीनमधल्या कुठल्याशा खेड्यात राहायचं, भाड्याच्या सायकली घेऊन भातशेतांमधून हिंडायचं आणि बांबूच्या तराफ्यांवरून नदी उतरायची. दोन आठवडे. ती, तिचा नवरा आणि दोन मुलगे.

"तुम्ही पण चला ना," ती मला म्हणाली. "तू तर काय, सायकलवरच जन्मलीस."

कशी जाणार होते मी? माझे सासू-सासरे मे महिन्यात पुण्याहून आले होते, सहा महिन्यांच्या व्हिसावर. दर दोनतीन वर्षांनी ते येत आणि आमचं घर सहा महिन्यांसाठी बदलून जाई. ते यायच्या आदल्या दिवशी फ्रीजमधलं बेकन शेजारणीकडे जायचं. माझ्या पँट्स कपाटात वर जायच्या, सलवार-कमीज खाली यायच्या. एरवी नवऱ्याला मी अरे-तुरे करायची. सासूबाई आल्या की तो 'अहो' व्हायचा. आणि महिन्याचे ते चार दिवस मी बाजूला बसायची. स्वयंपाकघरात पाऊल नाही, कशाला शिवायचं नाही. दिवसभर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स डिपार्टमेंटमध्ये अख्ख्या गावाच्या फायली हाताळून यायचं आणि घरी येऊन अस्पर्श होऊन बसायचं!

आमच्या घरात किचन आणि डायनिंग रूमच्या मधल्या भिंतीत एक हॅच होती, ताटं द्यायची छोटी खिडकी. इथल्या जुन्या घरांत असायची तशी. त्या चार दिवसांत सासूबाई माझं ताट त्या हॅचमधून सरकवायच्या आणि मी पलीकडून घ्यायची. खरं सांगते, मला त्याचा फारसा त्रास नव्हता. आयतं जेवण मिळायचं, लायब्ररीतलं पुस्तक वाचून व्हायचं. मी ते नाटकासारखं करायची. दोघं परत गेले की नाटक संपलं, पडदा पडला, बेकन परत आलं.

तर मी नाही म्हटलं. सासूबाई समोरच बसल्या होत्या, दुसरं काय म्हणणार? आणि तेवढ्यात माझी लेक बोलली. तेरा वर्षांची. तोवर जिन्यात बसून कानात वॉकमन घालून होती, पण असं काही बोलणं निघालं की हिला बरोबर ऐकू यायचं.

"मी जाऊ मावशीबरोबर?"

मावशी! माझी सख्खी बहीण नागपूरला बसलीय, तिला ही 'हॅपी बर्थडे' म्हणायला फोनवर येत नसे. आणि ही मुंबईकरीण मावशी.

"अगं, जाऊ दे की," नवरा म्हणाला. "एवढी चांगली संधी."

मैत्रिणीचा चेहरा असा उजळला, की मला कळायचं ते कळलं. तिला दोन मुलगे, मुलगी नाही. मुलगी हवी होती हे तिने मला शंभर वेळा सांगितलेलं. हवी होती ना, मग माझीच कशाला? मी आठवडाभर नाही-नाही म्हणत राहिले. पाणी कसलं, खाणं कसलं, तिथे डॉक्टर आहेत का. "आमच्यातच दोन डॉक्टर आहेत," मैत्रीण म्हणाली. ती स्वतःही डॉक्टर, तेही मला त्या दिवशी लागलं. शेवटी आईवडिलांच्या संमतीचं पत्र लागत होतं त्यावर मी सही केली. पेन इतकं दाबलं की खालच्या दोन कागदांवर माझी सही उमटली.

ते दोन आठवडे कसे गेले म्हणून सांगू! ऑगस्ट होता. मी सासूबाईंबरोबर बागेत बसून मेथी निवडत होते आणि डोळ्यांसमोर त्या दोघी शेताच्या बांधावरून सायकली दामटताहेत. फोन नाही काही नाही. एक पोस्टकार्ड आलं, तेही इंग्रजीत, घरातल्या सगळ्यांना मिळून. पाच ओळी. त्यातली एक अशी, की मावशी भाताच्या खाचरात पडली आणि मी इतकी हसले की मला श्वास घेता येईना. मी ते कार्ड तीनदा वाचलं. पडणारच! ब्रेक कधी दाबायचा ते तिला कधी कळलंच नाही, मी घसा कोरडा करून सांगितलं तरी. पण हसायला तिथे मी हवी होते की नाही?

त्याच दुपारी मी गॅरेजमधून माझी सायकल काढली, हवा भरली आणि कॉमनला निघाले. दोन फेऱ्याही झाल्या नाहीत तोच ओढणी मागच्या चाकात गेली. सायकल उचलून चालत घरी आले. सासूबाईंनी विचारलं, "कुठे गेली होतीस गं?" म्हटलं, "दूध आणायला." हातात दूध नव्हतं. त्यांनी मेथीची जुडी पुन्हा पुढे ओढली.

लेक आली ती उन्हाने रापून, डोक्यावर वेताची टोकदार टोपी आणि केसांची घट्ट वेणी. वेणी! मला तिने दोन वर्षं केसांना हात लावू दिला नव्हता. "मावशीने घातली," ती म्हणाली. "सायकलवर केस तोंडात जातात ना." पुढचा महिनाभर तेच. मावशी म्हणते असं, मावशी म्हणते तसं. पोहे काड्यांनी खायचे, कारण मावशी आणि ती तिथे सगळं काड्यांनी खायच्या. सासरे कौतुकाने बघत बसायचे. "काड्यांनी दाणे उचलते म्हणजे काय!" म्हणायचे. माझा नुसता जळफळाट. वरवर हसून हसून माझे गाल दुखायचे. इतकंच नव्हे, दर शनिवारी ती आता अभ्यासाला म्हणून मावशीकडे जायला लागली. सायन्स मावशी छान समजावते म्हणे. मी बी. एस्सी. आहे, हे या घरात कोणाला आठवतं का?

सप्टेंबरच्या शेवटी मैत्रिणीने स्लाइड्स बघायला बोलावलं. तिच्या नवऱ्याने हॉस्पिटलातला लेक्चरचा प्रोजेक्टर मागून आणलेला. भिंतीला पांढरी चादर लावली होती, पडदे ओढून भर दुपारी अंधार केला होता. आम्ही पाचसहा घरं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेला. मी दहीवडे नेले होते. मुद्दाम, कारण तिला ते जमत नाहीत.

खटाक, खटाक करत स्लाइड्स पुढे जात होत्या. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं सगळं. जमिनीतून एकदम उभे राहिलेले हिरवे डोंगर, खाली सपाट भातशेतं, त्यांमधून जाणारी मातीची वाट आणि वाटेवर ओळीने चार सायकली. माझी लेक पुढे, दोन्ही हात हँडलवरून सोडलेले. मी घरी हे करू दिलं असतं का? नसतं. मग बांबूचे तराफे आले. लांबट, पुढून वर वळलेले, एकावर दोघं बसतील एवढे, मागे बांबू घेऊन उभा असलेला नावाडी. दोन्ही मुलगे पाण्यात, मैत्रिणीचा नवरा पाण्यात, सगळे ओलेचिंब. आणि माझी लेक एकटी काठावर, दगडावर बसलेली, कमरेला मैत्रिणीचा निळा शर्ट बांधलेला.

"ही का नाही पाण्यात?" कोणीतरी विचारलं. माझी लेक पोहण्यात शाळेत पहिली येणारी.

"बरं वाटत नव्हतं तिला," मैत्रीण म्हणाली आणि झटकन पुढची स्लाइड आली. इतकी झटकन, की मी अंधारात लेकीकडे बघितलं. ती मैत्रिणीकडे बघत होती. आणि मैत्रीण तिच्याकडे. दोघींनी मान हलवली न हलवली.

चहा करायला मैत्रीण किचनमध्ये गेली तशी मी तिच्या मागोमाग गेले आणि दार लावून घेतलं.

"काय झालं होतं तिला?"

"काही नाही गं."

"मला आई समजतेस ना तिची? मग सांग."

तिने किटली खाली ठेवली. "तिने मला शपथ घातलीय."

"मुलगी माझी आणि शपथ तुझी?"

मग सांगितलं तिने. तराफ्यावरून उतरताना लेकीच्या शॉर्ट्सना डाग दिसला. पोरीला वाटलं सायकलच्या सीटने कुठे कापलं. मैत्रिणीने तिला बाजूला नेऊन नीट सांगितलं, शर्ट बांधला. जवळच्या घरातली एक म्हातारी नुसती बघूनच काय ते समजली. शब्द कोणाचा कोणाला कळत नव्हता, पण तिने आत नेलं, ओसरीवर बसवलं आणि आलं-गूळ घालून उकळलेलं गरम पाणी दिलं. लेक ते प्यायली, रडली, मग हसली. मैत्रीण सांगत होती आणि मला त्या चिनी म्हातारीचाही हेवा वाटत होता. कोण कुठली बाई! माझ्या लेकीच्या आयुष्यातल्या त्या तासाला ती हजर होती, आणि मी साउथहॅम्प्टनला मेथी निवडत होते.

मी मनात सगळं ठरवून ठेवलं होतं हो. काय बोलायचं, कसं बोलायचं. माझ्या आईने मला नुसतं "आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस" म्हणून उडवून लावलं होतं. माझ्या लेकीचं मी तसं होऊ देणार नव्हते. तिला जवळ घेणार होते, शिरा करणार होते, छोटे सोन्याचे कानातले वर्षभर आधी आणून कपाटात ठेवले होते.

"पण आता येऊन महिना झाला," मी म्हटलं. "म्हणजे घरी पुन्हा एकदा—"

"हो. पॅडची पॅकेट्स मीच देते तिला. शनिवारी."

सायन्स! मी बाहेर आले आणि दहीवड्यांची कौतुकं ऐकत बसले.

दुसऱ्या दिवशी लेकीला पोहायला सोडायला गाडीतून नेलं. स्विमिंग पूलच्या कार पार्कात इंजिन बंद केलं, पण दार उघडू दिलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

कशाबद्दल, हे तिने विचारलं नाही. समोरच्या काचेतून बघत राहिली. लाल होत गेली.

"मावशीने प्रॉमिस मोडली."

"मी मोडायला लावलं. मला का नाही सांगितलंस? मी तुझी आई ना?"

"तू आजीला सांगितली असती."

"मुळीच नाही!"

"आई, यू डू टेल हर. तू स्वतःचं पण सांगते. एव्हरी मंथ. आणि मग तू हॅचच्या त्या साइडला बसते."

"अगं, ते नाटक आहे. आजीला बरं वाटावं म्हणून. सहा महिन्यांपुरतं."

"मला कसा कळणार नाटक आहे? ती तुझा ताट ढकलते आणि तू थँक यू म्हणते." ती माझ्याकडे वळली. "मला हॅचमधून प्लेट नको होती. मला थँक यू म्हणायचं नव्हतं."

मी स्टिअरिंगला धरून बसले. थँक यू म्हणायची मी? म्हणत असेन. इतकी वर्षं इथे राहून जिभेला सवयच लागलेली, बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणतो तसं. महिनाभर मी मैत्रिणीला मनातल्या मनात चेटकीण, पोरचोर काय काय म्हटलं होतं. पोरीला तिच्याकडे ढकललं होतं ते मीच, माझ्या हाताने, माझ्याच डायनिंग रूममध्ये बसून. हे कळलं म्हणून हेवा कमी झाला म्हणाल, तर नाही. उलट वाढला. आता तर त्याला कुठे टेकायलाही जागा राहिली नाही.

त्याच आठवड्यात माझी पाळी आली. सकाळी मी अंघोळ करून खाली उतरले, सरळ किचनमध्ये शिरले आणि गॅस पेटवला. सासूबाई कॅलेंडरवर माझ्या तारखा माझ्यापेक्षा नीट लक्षात ठेवायच्या. त्यांनी वर बघितलं.

"आई, मला आजपासून अडचण आहे," मी म्हटलं. "आणि चहा मीच करतेय. यापुढे मी बाजूला बसणार नाही."

चहाची पावडर अर्धी कट्ट्यावर सांडली. त्या उठल्या. "मग मला नको तुझा चहा," म्हणून वर निघून गेल्या. सासरे पेपरमागून म्हणाले, "मला दे. कडक कर." दोन दिवस सासूबाई आपलं आपण करून खात होत्या, माझ्याशी बोलल्या नाहीत. घरात असा अबोला, की नवरा हॉस्पिटलातून यायलाच उशीर करू लागला. तिसऱ्या दिवशी मी न विचारताच त्यांच्यापुढे कप ठेवला. त्यांनी तो बराच वेळ तसाच राहू दिला. मग एक घोट घेऊन म्हणाल्या, "साखर फार घालतेस तू." पुढच्या कपात कमी घातली.

लेक हे सगळं बघत होती, येता-जाता, कॉर्नफ्लेक्स खाता-खाता. मला वाटलं होतं धावत येऊन मिठी मारेल. कसली मिठी! शनिवार आला की दप्तर उचलून मावशीकडे.

ऑक्टोबर अर्धा झाला असेल. सासू-सासऱ्यांच्या जायच्या तयाऱ्या चालल्या होत्या, डायनिंग टेबलावर बॅगा उघड्या पडलेल्या. शनिवारची दुपार. मी आणि सासूबाई किचनमध्ये प्रवासासाठी दशम्या करत होतो. लेक मावशीकडून घरी आली आणि दारात येऊन उभी राहिली. आत येईना. आधी आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, मराठीत, आजीलाही कळेल असं. "माझी पाळी आलाय."

आणि पाऊल आत टाकलं. सरळ येऊन माझ्या शेजारी कट्ट्याला टेकून उभी राहिली, ताटलीतली गरम दशमी उचलली. मी सासूबाईंकडे बघायच्या आतच तिच्या खांद्यावर हात टाकला. सासूबाईंनी लाटणं थांबवलं. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कधीपासून?" एवढंच विचारलं. "चीनपासून," लेक म्हणाली. सासूबाई पुन्हा लाटायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तूप तरी घे त्याच्यावर."

तो दिवस मी विसरणं शक्य नाही. आनंदाने मला काही सुचेना. कपाटातून कानातले काढून दिले, शिरा केला. आणि मग संध्याकाळी, माणसाचा स्वभाव बघा, मी मैत्रिणीला फोन केला. शिऱ्याचं आमंत्रण द्यायला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला बढाई मारायची होती.

"ऐक ना," मी म्हटलं. "तिने आज मला स्वतःहून सांगितलं. आजीसमोर! आधी मला!"

"अय्या, हो? खरंच?" ती म्हणाली. "काय सांगतेस! वा, वा!"

बारा वर्षांच्या मैत्रीत तिच्या तोंडून मी कधी 'अय्या' ऐकलं नव्हतं. आणि त्या दुपारी लेक आली होती ती कोणाकडून, हे मला तेव्हा कुठे आठवलं. दारात उभं राहून काय म्हणायचं ते कोणाबरोबर ठरवून आली होती, तेही लक्षात आलं. त्या 'अय्या'मधून ती बिचारी मला पहिली येऊ देत होती.

"हो ना," मी म्हटलं. "उद्या ये. शिरा ठेवलाय तुझ्यासाठी."